व्हीपीएन चालू आहे, मग आणखी काय हवं? घरून विद्यापीठाचं काम करणाऱ्यांसाठी

प्रश्न विचारणाऱ्यांची परिस्थिती थोडक्यात अशी: नोकरी विद्यापीठात, पण आठवड्यातले बरेच दिवस काम घरून. विद्यापीठाने दिलेलं व्हीपीएन लॅपटॉपवर आहे, अँटिव्हायरस आहे. लॅपटॉप कधी विद्यापीठाचा, कधी स्वतःचा. गुणयाद्या, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती, संशोधनाचा डेटा हे सगळंच हाताखालून जातं. एवढ्यावर निर्धास्त राहावं का, की अजून काही करायला हवं?

विद्यापीठाच्या माहिती-सुरक्षेचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो: एवढ्याने भागत नाही. व्हीपीएन लावत आहात हे उत्तमच, ते सोडू नका. फक्त ते कशापासून वाचवतं आणि कशापासून नाही, हे नीट माहीत हवं.

तुमच्या मशीनपासून विद्यापीठाच्या नेटवर्कपर्यंत जे जातं-येतं ते मधल्या कोणाला वाचता येऊ नये, आणि बाहेरच्या इंटरनेटला न दिसणारे विद्यापीठातले सर्व्हर तुम्हाला घरून उघडता यावेत, एवढ्यासाठी व्हीपीएन असतं. पण खोट्या लॉगिन पानावर तुम्ही स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकलात, तर व्हीपीएन तो पासवर्ड तितक्याच इमानाने चोरापर्यंत पोहोचवतं. लॅपटॉपमध्ये आधीच काही घुसलेलं असेल, तर व्हीपीएन जोडल्याबरोबर तेही तुमच्यासोबत विद्यापीठाच्या आत जातं. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत व्हीपीएनमधून फक्त विद्यापीठाकडे जाणारी वाहतूक जाते, बाकी सगळं तुमच्या घरच्या कनेक्शनवरून थेट बाहेर पडतं. ‘व्हीपीएन चालू आहे म्हणजे काहीही उघडायला हरकत नाही’ हा समज म्हणूनच धोक्याचा.

चोराला हवं असतं तुमचं खातं. मेल, ड्राइव्ह, परीक्षा प्रणाली, ग्रंथालय, पगाराचं पोर्टल हे सगळं आज एकाच लॉगिनवर उघडतं, आणि ते लॉगिन जगातल्या कुठल्याही ब्राउझरवरून चालतं. ते एकदा हाती आल्यावर तुमचा लॅपटॉप, तुमचं वायफाय, तुमचं व्हीपीएन यांपैकी कशाशीच त्याचं काही अडत नाही.

आणि विद्यापीठातला माणूस शोधायला किती सोपा असतो बघा. विभागाच्या वेबसाइटवर तुमचं नाव, हुद्दा, ईमेल, संशोधनाचा विषय, शोधनिबंधांची यादी, कोणाबरोबर काम करता तेही, सगळं आपणच मांडून ठेवलेलं असतं. ते लपवूनही चालत नाही, विद्यापीठाचं कामच तसं आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने इराणमधल्या ९ जणांवर आरोपपत्र ठेवलं. त्यात म्हटल्यानुसार अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांमधली १७६ विद्यापीठं लक्ष्य झाली होती. सुमारे एक लाख प्राध्यापकांच्या खात्यांवर प्रयत्न झाले, त्यांतली जवळपास ८,००० खाती हाती लागली आणि ३१.५ टेराबाइट मजकूर बाहेर गेला. पद्धत अगदी साधी. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने मेल यायचा, की तुमचा अमुक निबंध वाचला, फार आवडला, याच विषयावरचे आणखी काही लेख सोबत देतोय. लिंक उघडली की आपल्याच विद्यापीठाच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान. जर्नल उघडायला पुन्हा लॉगिन करावं लागतं याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की हात आपोआप पासवर्डकडे जातो. आपला निबंध कोणीतरी वाचला, या आनंदात तर जास्तच.

म्हणून पत्ता वाचायची एक सवय लावून घ्या. लॉगिनचं पान समोर आलं की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता बघा. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यापुढे पहिली एकटी तिरकी रेघ कुठे येते ते शोधा, आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत या. त्या रेघेला चिकटून जे शेवटचे दोन-तीन, टिंबांनी तोडलेले तुकडे आहेत तेच खरे मालक. सुरुवातीला ‘लायब्ररी’ असो, तुमच्या विद्यापीठाचं पूर्ण नाव असो, मध्ये ‘लॉगिन’ आणि ‘सिक्युअर’ असो, शेवट जर कुठल्या भलत्याच नावाने होत असेल, तर ते पान त्या भलत्याचं. फोनवर अडचण होते, कारण तिथे पट्टी इतकी लहान की पत्ता कापूनच दिसतो. माझा नियम असा, की मेलमधल्या लिंकवरून फोनवर विद्यापीठाचं लॉगिन करायचंच नाही. काम तातडीचं असेल तर पोर्टल स्वतःच्या बुकमार्कवरून उघडायचं. मेल खरा असेल तर तिथे ती सूचना दिसेलच.

पत्त्याशेजारच्या कुलुपावर भरवसा ठेवू नका. आपला ब्राउझर आणि समोरची साइट यांच्यामधलं बोलणं एन्क्रिप्ट झालंय, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही, इतकंच ते सांगतं. समोरची साइट कोणाची याबद्दल त्यात अवाक्षर नाही. खोट्या पानांनाही ते कुलूप फुकट मिळतं. लोक त्याचा चुकीचा अर्थ काढतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलून टाकलं.

‘क्लिक करायचं नाही, एवढं पाळलं की झालं’ असं मात्र मी कोणाला सांगत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत नोव्हेंबर २०१८ मध्ये जो शिरकाव झाला, त्याचा सविस्तर अहवाल विद्यापीठाने पुढच्या वर्षी स्वतःहून प्रसिद्ध केला. त्यात पहिला मेल असा होता, की तो नुसता प्रिव्ह्यूमध्ये पाहिल्यानेच लॉगिनची माहिती बाहेर गेली. कोणी लिंक उघडली नव्हती, अटॅचमेंट उतरवून घेतली नव्हती. अशा मेलसमोर सावध माणूससुद्धा काय करणार? एक पासवर्ड गेला तरी पुढचं दार बंद राहील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं.

ते पुढचं दार म्हणजे दुसरा टप्पा, टू-फॅक्टर: पासवर्डनंतर ओळखीचा आणखी एक पुरावा. तुमच्या विद्यापीठाने सक्ती केली नसेल तरी आजच चालू करा. पण त्यातही डावं-उजवं आहे. एसएमएसवर येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा, पण सगळ्यात कच्चा. अ‍ॅपवर ‘मान्य करा’ अशी सूचना येते ती त्याहून बरी, मात्र तिचा कमकुवतपणा उबर कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये अनुभवला. त्यांच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड हल्लेखोराकडे होता. हल्लेखोर लॉगिनच्या मंजुरीची विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्यावर शेवटी त्या कर्मचाऱ्याने एकदा ‘मान्य’ दाबलं. रात्री-अपरात्री फोन सतत वाजत असेल तर वैतागून कोणीही दाबेल. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या अ‍ॅपमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर टाकायची सक्ती केली, ती याच प्रकाराला आळा घालायला. तुम्ही लॉगिन करत नसताना अशी सूचना आली, तर ती नाकारून विसरून जाऊ नका. तुमचा पासवर्ड कोणाकडे तरी आहे, हे त्या क्षणी तुम्हाला कळलेलं असतं. पासवर्ड बदला आणि आयटीला कळवा.

हल्लीची खोटी पानं याच्याही पुढे गेली आहेत. तुम्ही पासवर्ड टाकला की ते पान तो तत्क्षणी खऱ्या साइटला देतं, खरी साइट ओटीपी मागते, खोटं पान तुमच्याकडे मागतं, तुम्ही देता, आणि लॉगिन झाल्यावर खऱ्या साइटने ब्राउझरसाठी दिलेली सेशन कुकी, म्हणजे ‘याचं लॉगिन झालेलं आहे’ ही खूण, हल्लेखोर ठेवून घेतो. मग त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. या प्रकारावर पक्का इलाज म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये राहणारी डिजिटल किल्ली), किंवा यूएसबीला लावायची सिक्युरिटी की. तिचा गुण असा, की ती ज्या पत्त्यासाठी बनवली त्याच पत्त्याला उत्तर देते. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असेल तर ती गप्प राहते. माणसाची नजर फसते तिथे ती फसत नाही. विद्यापीठाचं लॉगिन पासकी घेत असेल तर बाकी सगळं वाचणं थांबवून आधी ती लावा, हे मी गंभीरपणे म्हणतोय.

पासवर्डबद्दल थोडक्यात. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती आता जुनाट मानली जाते. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याची खूण असेल तरच बदलायला लावा. कारण सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि ते लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर. ‘प्रत्येक ठिकाणी वेगळा’ हे विद्यापीठातल्या माणसाला जास्त लागू आहे. निबंध पाठवायचा की नव्या जर्नलच्या साइटवर खातं, परिषदेला जायचं की नोंदणीचं खातं, समीक्षक व्हायचं की आणखी एक. दहा वर्षांत अशी कितीतरी खाती साठतात, सगळीकडे विद्यापीठाचाच ईमेल, आणि बहुतेक ठिकाणी घाईत टाकलेला तोच पासवर्ड. त्यांतली एखादी कुठली तरी जुनी साइट फुटते आणि ती ईमेल-पासवर्डची जोडी विद्यापीठाच्या लॉगिनवर लावून पाहिली जाते. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला ईमेल टाकून बघा, कुठल्या कुठल्या साइटच्या फुटलेल्या यादीत तो आहे ते दिसेल. पासवर्ड मॅनेजरचा आणखी एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही: नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर थांबा आणि पत्ता पुन्हा वाचा. हाताने कॉपी करून चिकटवू नका.

आता एक प्रकार जवळून दाखवतो, कारण विद्यापीठांवर तो सध्या जोरात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका टोळीबद्दल माहिती दिली, जी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांचे पगार वळवत होती. तीन विद्यापीठांतली ११ खाती हाती आली, आणि त्या खात्यांवरून २५ विद्यापीठांतल्या सुमारे ६,००० पत्त्यांवर पुढचे मेल गेले. मेल सहकाऱ्याच्या खऱ्या पत्त्यावरून आलेला, विषय असा की उघडल्याशिवाय राहवणार नाही: परिसरात आजाराचा रुग्ण सापडला, एखाद्या प्राध्यापकाविरुद्ध तक्रार, पगाराबद्दल काही. लॉगिन मिळालं की पहिलं काम मेलपेटीत एक नियम बनवण्याचं: पगाराच्या पोर्टलकडून येणारे मेल आल्या आल्या पुसून टाका. मग बँक खात्याचा क्रमांक बदलायचा. ‘तुमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा मेल पोर्टल प्रामाणिकपणे पाठवतं, आणि तो तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचायच्या आत नाहीसा होतो. त्या नियमाला नाव द्यायचं ते नुसत्या टिंबांचं किंवा अवतरणचिन्हांचं, यादीत चटकन नजरेत येऊ नये म्हणून.

म्हणून हे वाचून झाल्यावर मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘रूल्स’ किंवा ‘फिल्टर्स’ उघडा. तुम्ही न बनवलेलं तिथे काही आहे का? बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्डिंग चालू आहे का? मग खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन दुसऱ्या टप्प्यासाठी नोंदवलेले फोन बघा. टोळीवाले स्वतःचा फोनही तिथे नोंदवून ठेवतात, म्हणजे तुम्ही पासवर्ड बदलला तरी त्यांची वाट मोकळी. खात्याला जोडलेल्या अ‍ॅपांची यादीही तिथेच असते. कधीतरी एखाद्या कॅलेंडरच्या किंवा सर्वेक्षणाच्या अ‍ॅपला ‘माझे सगळे मेल वाच’ अशी परवानगी दिलेली असते आणि ती चालूच राहते. तीही काढून टाका.

घरून काम करताना एक गोष्ट हरवते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. विभागात बसलेलो असताना विचित्र मेल आला, तर शेजारच्या टेबलाकडे वळून विचारता येतं, ‘अहो, हा तुम्हीच पाठवलाय का?’ घरी ते होत नाही, आणि फसवणारे नेमकं हेच हेरतात. विभागप्रमुखांच्या नावाने, पण कुठल्या तरी मोफत मेल सेवेवरून मेल येतो: ‘एका बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही, एक छोटं काम आहे, मोकळे आहात का?’ तुम्ही ‘हो मॅडम’ लिहिलं की पुढच्या मेलमध्ये गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे कोड पाठवायला सांगतात. फोन करू नका असं सांगणारा मेल आला की फोनच करायचा. पैसे, बँक खातं, पासवर्ड, विद्यार्थ्यांची यादी किंवा प्रश्नपत्रिका यांतलं काहीही मागितलं, तर मेलला उत्तर न देता तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. मोठ्या पदावरच्या माणसाला उलटतपासणीसारखा फोन कसा करायचा, हा संकोच खरा असतो. विभागप्रमुखांनीच बैठकीत एकदा ‘असं काही आलं तर मला बेधडक फोन करा’ असं सांगून टाकलं की तो संकोच निघून जातो. तुम्ही विभागप्रमुख असाल तर कृपया हे सांगा.

लॅपटॉपकडे वळू. विद्यापीठाचा लॅपटॉप मिळत असेल तर कामासाठी तोच वापरा, आणि घरातल्या कोणालाही देऊ नका, ‘फक्त पाच मिनिटं’सुद्धा नाही. स्वतःचाच वापरावा लागत असेल तर किमान कामासाठी वेगळं यूजर खातं आणि वेगळं ब्राउझर प्रोफाइल बनवा. घरचं मशीन किती महागात पडू शकतं याचं उदाहरण लास्टपासचं. ही कंपनीच पासवर्ड सांभाळणारी. २०२२ मध्ये तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात हल्लेखोर शिरले ते प्लेक्स या सिनेमे-गाणी लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून. त्या त्रुटीवरचा अपडेट मे २०२० मध्येच आलेला होता. त्या संगणकावर तो कधी घातलाच गेला नव्हता. पुढे तिथे टाइप होणारी प्रत्येक कळ नोंदवली गेली आणि कंपनीच्या पासवर्ड-तिजोरीचा त्याचा मुख्य पासवर्ड हाती लागला. कामाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा सॉफ्टवेअरमुळे हे झालं. तेव्हा अपडेट फक्त विंडोजचे नव्हेत, सगळ्याचेच. विंडोज १० वर असाल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला आहे. वाढीव सुरक्षा अपडेटची वेगळी सोय केलेली नसेल तर त्या मशीनवर विद्यापीठाचं काम करू नये.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल बोलणं भाग आहे, कारण आपल्या क्षेत्रात ते सर्रास चालतं. सांख्यिकी विश्लेषणाचं महागडं पॅकेज, संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर, पीडीएफ एडिटर कोणीतरी पेन ड्राइव्हवर देतं आणि सोबत ‘बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा’ अशी सूचनाही. ती सूचना का असते हे एकदा शांतपणे विचारात घ्या. अशा फायलींमधून येणारे ‘इन्फोस्टीलर’ काही तोडफोड करत नाहीत, पडद्यावर काही दिसत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आणि चालू सेशनच्या कुकी काही मिनिटांत उचलतात आणि त्या पुढे विकल्या जातात. त्यापेक्षा विद्यापीठाच्या परवान्यात घरच्या मशीनसाठी प्रत मिळते का ते विचारा, बऱ्याचदा मिळते. नाहीतर विश्लेषणाला आर आणि जामोवी, संदर्भसूचीला झोटेरो ही मोफत आणि चांगली साधनं आहेत.

ब्राउझरला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे एक्स्टेन्शनं, मोजकी ठेवा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. आज चांगलं असलेलं उद्याही चांगलंच राहील याची खात्री नसते. डिस्क एन्क्रिप्शन चालू करा, विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट. प्रवासात लॅपटॉप चोरीला गेला तर नुकसान मशीनपुरतं राहतं, विद्यार्थ्यांची माहिती बाहेर गेली असं कोणाला कळवत बसावं लागत नाही. रिकव्हरी की, म्हणजे हे कुलूप उघडायची राखीव किल्ली, मात्र त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

घरच्या राउटरला एकदाच अर्धा तास द्या. अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय) आणि बाहेरून व्यवस्थापन करायची सोय बंद करा, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२ ठेवा. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल तर राउटर बदला. बाहेरच्या वायफायची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही, कारण आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर चालतं. तरी फोनचं हॉटस्पॉट असेल तर ते वापरा, विषय संपतो. एज्युरोम, म्हणजे विद्यापीठांचं सामायिक वायफाय, वापरणाऱ्यांनी एक बघावं: फोनमध्ये ते जोडताना सर्टिफिकेट (नेटवर्क खरं असल्याचा दाखला) तपासू नका असा पर्याय निवडला असेल, तर त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करणाऱ्यालाही तुमचा फोन लॉगिनची माहिती देऊ पाहतो. हाताने जोडणी न करता विद्यापीठाने दिलेल्या इन्स्टॉलरने करा.

डेटाच्या बाबतीत मी पाहतो त्यांतले बहुतेक प्रसंग हॅकिंगचे नसतातच. ड्राइव्हवरची गुणयादी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ खुली ठेवलेली असते, लिंक वर्गाच्या ग्रुपवर जाते, तिथून कुठेही. नाव टाकून शेअर करा आणि सत्र संपलं की परवानग्या काढा. एक्सेलच्या फायलीत कॉलम किंवा शीट लपवलं म्हणजे ते गेलं असं नसतं. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने ऑगस्ट २०२३ मध्ये माहितीच्या अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर म्हणून जी एक्सेल फाइल दिली, तिच्यात लपलेल्या शीटवर सुमारे १०,००० अधिकारी-कर्मचाऱ्यांची माहिती होती आणि ती काही तास इंटरनेटवर राहिली. बाहेर द्यायची यादी नव्या कोऱ्या फायलीत, हवे तेवढेच कॉलम चिकटवून, मगच पाठवा. विद्यापीठाचा मेल खासगी खात्यावर फॉरवर्ड करून ठेवण्याची सवयही सोडा. एकदा तो तिकडे गेला की आयटी विभागाला त्याचं काहीच करता येत नाही. मुलाखतींच्या ध्वनिफिती किंवा सहभागींची नावं असलेला डेटा कुठल्याही एआय चॅटमध्ये चिकटवण्याआधी, संमतीपत्रावर तुम्ही त्यांना काय लिहून दिलं होतं ते वाचा. विद्यापीठाने करार करून घेतलेलं साधन आणि आपलं वैयक्तिक मोफत खातं यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बॅकअपबद्दल एवढंच, की ड्राइव्हशी सिंक होणं म्हणजे बॅकअप नव्हे. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने फाइल बिघडवली की बिघडलेली फाइलच इमानेइतबारे सिंक होते. जुन्या आवृत्त्या काही दिवस परत मिळतात, त्यावर पूर्ण विसंबू नका. एक प्रत अशी हवी जी एरवी कशालाही जोडलेली नसते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठावर २३ डिसेंबर २०१९ ला हल्ला झाला तेव्हा २६७ सर्व्हर बंद पडले. महत्त्वाच्या काही प्रणालींचे बॅकअप त्याच नेटवर्कला जोडलेले असल्याने तेही गेले, आणि विद्यापीठाने ३० बिटकॉइन, त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी भरली.

मास्ट्रिख्टची आणखी एक तारीख मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. ज्या फिशिंग, म्हणजे फसव्या, मेलमधून हे सुरू झालं तो उघडला गेला होता १५ ऑक्टोबरला. म्हणजे मेल उघडल्यापासून सर्व्हर बंद पडेपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ हल्लेखोर आत हिंडत होते. ‘काल दाबलं, आता सांगून काय उपयोग’ असं वाटतं तेव्हा हे आठवा. काल दाबलं असेल तरी सांगा, गेल्या आठवड्यात दाबलं असेल तरी सांगा.

काही गडबड झाली असं वाटलं तर क्रम असा ठेवा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, केबल काढा, पण मशीन फॉरमॅट करू नका आणि स्वतः ‘साफ’ करत बसू नका. काय झालं हे शोधायला त्यातल्याच खुणा लागतात. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला, ‘सगळीकडून साइन आउट’ करा, मघाशी सांगितलेले नियम, फोन आणि जोडलेली अ‍ॅपं तपासा. आयटी हेल्पडेस्कला फोन करा. मेल करू नका, तुमची मेलपेटी त्या वेळी आणखी कोणी वाचत असू शकतं. पगाराच्या पोर्टलवर खाते क्रमांक डोळ्यांनी बघा. तुमच्या नावाने सहकाऱ्यांना किंवा विद्यार्थ्यांना मेल गेले असतील तर त्यांना वेगळ्या मार्गाने कळवा.

हेल्पडेस्कचा नंबर बहुतेकांना विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन केल्यावरच सापडतो, आणि नेमकं तेच लॉगिन त्या वेळी बंद असतं. तो नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा, आणि एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवा. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री तो कोण उचलतं, हेही एकदा विचारून घ्या. मास्ट्रिख्टवरचा हल्ला नाताळच्या तोंडावर झाला होता.